मी साथीला असते

माझा राग आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचताना कुणी म्हणायला नको की हा माणूस मध्येच का ओरडायला लागला. मी लिफ्ट दुरुस्त करतो. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली माणसं आयुष्यभर बाहेर काढली. त्यांतली काही रडत होती, काही देवाचं नाव घेत होती, आणि एक गृहस्थ तर आत शांतपणे झोपले होते. पण माझी स्वतःची बायको विद्यापीठाच्या संगीत विभागात तीसेक वर्षं अडकून पडली आणि मला तिथं काहीच करता आलं नाही, कारण ती म्हणायची, "अहो, मी कुठं अडकलेय? मी साथीला असते."

हे तिचं ठरलेलं वाक्य. बसमध्ये, लग्नात, दवाखान्यात, कुणीही विचारलं की तुम्ही काय करता, की हिचं उत्तर तयार: मी साथीला असते. वरच्या मजल्यावरच्या आजोबांना कित्येक वर्षं वाटत होतं की ही साथीच्या रोगांच्या खात्यात कामाला आहे. खोकला झाला की ते हिला गाठून विचारायचे, सध्या कसली साथ आहे? आणि हीसुद्धा त्यांना गरम पाणी प्यायला सांगायची. मी म्हणायचो, अगं, सांग ना त्यांना की तू पियानो वाजवतेस. तर म्हणायची, "जाऊ दे हो, म्हाताऱ्या माणसाला कशाला घोळात टाकायचं."

ती पियानो वाजवते. हे वाक्य इतकी वर्षं एकटा मीच बोलत आलोय.

काम असं की विभागात गाणं शिकणारी, व्हायोलिन शिकणारी, बासरी शिकणारी जेवढी मुलं असतील, त्यांच्या सरावाला, परीक्षेला आणि कार्यक्रमाला पियानोवर हिनं बसायचं. मुलं दरवर्षी बदलणार, ही तीच. मूल पुढं उभं, ही मागं बसलेली. टाळ्या मुलाला. मूल वळून हिच्याकडे हात करतं तेव्हा ही अर्धी उठते, अर्धी वाकते आणि पुन्हा बसते. मी ते अर्धं उठणं इतक्यांदा पाहिलंय की झोपेतही करून दाखवीन.

आमची ओळखसुद्धा तिथलीच. विभागाची लिफ्ट बंद पडली म्हणून मला बोलावलं होतं. मी खड्ड्यात उतरून काम करत होतो आणि भिंतीपलीकडून कुणीतरी तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत होतं. मी वैतागून वर आलो, दार ढकललं आणि म्हणालो, "बाई, हे पुढं जात नाही का?" ती म्हणाली, "मी जाते हो. ज्याला साथ करायची तो जात नाही." त्या खोलीत दुसरं कुणी नव्हतं. उद्या येणारा विद्यार्थी कुठं अडखळेल याचा सराव ही आदल्या दिवशी एकटी बसून करत होती! मी लिफ्ट नीट करून गेलो. पुढं ते कंत्राट दुसऱ्याला दिलं गेलं आणि आता त्या लिफ्टच्या दाराला कायमची पाटी आहे: काम चालू आहे. काम काही चालू नाही. पाटीच तेवढी चालू आहे.

विभागाचं एक माहितीपत्रक निघतं. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं. 'भव्य सभागृह. अद्ययावत सराव खोल्या. कला सादर करण्याच्या असंख्य संधी.' 'संधी' हा विभागप्रमुखांचा लाडका शब्द. त्यांच्या तोंडून एक वाक्य त्याशिवाय निघत नाही, म्हणून आमच्या घरात त्यांचं नावच संधीसाहेब. नळाला पाणी नसेल तर ते म्हणतील, विद्यार्थ्यांना निर्जळ राहण्याची संधी.

आता त्या सोयी माझ्याकडून ऐका. सराव खोल्या तळघरात आहेत, पाण्याच्या पंपाशेजारी. पंप सुरू झाला की सगळ्या खोल्या एकाच सुरात गुणगुणायला लागतात, मग तुमचा सूर कुठलाही असो. खोल्यांमधल्या भिंती प्लायवूडच्या. एका बाजूला तुतारीसारखं काहीतरी कोकलत असतं, दुसऱ्या बाजूला एखादी पोर गळा काढत असते, आणि मध्ये बसून ही ऐकणार कुणाचं? हिच्या खोलीतल्या पियानोच्या दोन पट्ट्या मुक्या होत्या. दाबल्या की नुसता टक असा आवाज. संधीसाहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, "बाई, मर्यादांमधूनच कला फुलते." मुलांना त्या मुक्या पट्ट्यांची इतकी सवय झाली होती की चांगल्या पियानोवर सूर आला की ती दचकायची. बसायच्या बाकाचा स्क्रू गेलेला, बाक खाली बसलेलं. तो स्क्रू मी दोनदा बसवून दिला आणि दोन्ही वेळा मला लेखी समज आली की बाहेरच्या माणसानं विभागाच्या सामानाला हात लावू नये. मग हिनं घरी एक जाड उशी शिवली, करड्या रंगाची, आणि ती काखेत मारून रोज न्यायला लागली. इतकी वर्षं बायको कामाला जाताना पाठमोरी दिसली की काखेत उशी. लोकांना वाटायचं, हिची नोकरी झोपायची आहे.

आणि मोठं सभागृह? ते आहे, भव्यच आहे. लाल खुर्च्या, लाकडी मंच, आणि मंचावर मोठा काळा पियानो, जाड कापडाखाली. त्याला कुलूप असतं आणि किल्ली संधीसाहेबांकडे. पाहुणे कलाकार आले की तो उघडतो. मुलांना शेवटच्या वर्षी परीक्षेपुरता उघडतो, तोही आधी एकदासुद्धा न वाजवता, थेट परीक्षकांपुढं. बाकीचे दिवस सभागृहात काय चालतं? विमा कंपन्यांची शिबिरं, कुणाकुणाचे सत्कार, दातांच्या डॉक्टरांचं अधिवेशन. संगीत विभागाच्या सभागृहात मी दाताचं एवढं मोठं चित्र लावलेलं पाहिलंय की त्यात एक कुटुंब राहील.

मग मुलांच्या त्या असंख्य संधी कुठं? तर कुलगुरूंकडे पाहुणे आले की चार मुलांना काळे कपडे घालून खाण्याच्या टेबलाशेजारी उभं करायचं. पाहुणे बशीत वाढून घेतात, मुलं वाजवतात. एकदा एका पाहुण्यानं व्हायोलिन वाजवणाऱ्या मुलीला चमचा आणायला सांगितलं. ती गेली आणि घेऊन आली. माहितीपत्रकात त्या संध्याकाळचाही फोटो आहे, बशा कापून.

पत्रकाच्या मुखपृष्ठावर मात्र मोठा पियानो आहे आणि त्याच्यापुढं गाणारी एक मुलगी. पियानोवर दोन हात दिसतात, मनगटापर्यंत. पुढं काही नाही. ते हात माझ्या बायकोचे. डाव्या करंगळीजवळचा भाजल्याचा डाग मी ओळखतो, तो आमच्या शेगडीचा आहे. मी तो कागद बघून जेवताना ताट सरकवलं होतं. ही म्हणाली, "हात तरी आलेत. बासरीवाल्याच्या वेळी तेही नव्हते." आणि मला वाढत राहिली.

मुखपृष्ठावरची ती मुलगी म्हणजे चिमणी. आता मोठी गायिका आहे, विमानानं फिरते, पण हिच्या तोंडी अजून चिमणीच, कारण पहिल्या वर्षी आली तेव्हा हडकुळी होती आणि हिच्या डब्यातलं टिपून खायची. आवाज सोन्याचा. खोड एकच: घाबरली की मधली कडवी गाळून थेट पुढं उडी मारायची. सरावात एकदा, परीक्षेत हमखास.

इथं साथीचं खरं काम सुरू होतं, आणि ते मला लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी कळलं. गाणारा चुकून पुढं गेला की साथीदारानं तेवढ्याच क्षणात त्याच्या मागून उडी मारायची. श्वास घ्यायलाही वेळ नसतो. अशी मारायची की ऐकणाऱ्याला वाटावं, गाणं असंच आहे. याला हे लोक सांभाळून घेणं म्हणतात. चिमणी शेवटच्या परीक्षेत एक अख्खं पान गाळून पुढं गेली. ही तिच्याबरोबर गेली. परीक्षकांना पत्ता लागला नाही. चिमणीला पहिला वर्ग मिळाला, परदेशी शिकायला जायला मिळालं, आणि साथीबद्दल परीक्षकांनी शेरा मारला: 'साथ ठीक.' ठीक! मी त्या दिवशी त्या परीक्षकाला शोधत विभागाच्या आवारात फिरलो. मिळाला नाही, त्याचं नशीब.

"असं किती जणांना सांभाळलंस?" मी एकदा विचारलं.

"मोजायचं नसतं ते," ती म्हणाली. "आपण सांभाळलं हे त्यांनाही कळू द्यायचं नसतं. कळलं की पोरं खचतात."

आता हिला काय हवं होतं ते सांगतो. फार नाही. त्या मोठ्या पियानोवर, त्या सभागृहात, एकदाच एकटीनं वाजवायचं होतं. पुढं कुणी उभं नको. एक लांबलचक रचना आहे, तिच्या गुरुबाईंनी लग्नाआधी शिकवलेली. आमच्या लेकीनं लहानपणी तिचं नाव ठेवलं लांबडं. "आई, आज लांबडं वाजव ना." आमच्या घरी एक जुना उभा पियानो आहे, एका शाळेनं टाकून दिलेला. लिफ्टवाल्याचं घर, पण तो लिफ्टमध्ये मावेना. मी आणि माझ्या कामावरच्या दोस्तांनी जिन्यानं चढवला आणि तीन दिवस आमच्यातलं कुणी सरळ चालत नव्हतं. त्याच्यावर ती लांबडं वाजवायची, पण म्हणायची, यात ते मावत नाही, याला तो मोठाच पाहिजे.

मग सभागृह मागायचं. तर नियम असा की सभागृह विद्यार्थ्याला मिळतं, शिक्षकाला मिळतं, पाहुण्या कलाकाराला मिळतं. ही तिघांतही नाही. हिची जागा 'तांत्रिक सहायक'. म्हणजे मंचावरचे दिवे लावणारा जो माणूस आहे, तो आणि ही एकाच वर्गातले. दिवेवाला सज्जन आहे, त्याच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण त्या मंचावर जिनं सगळ्यांपेक्षा जास्त वाजवलंय, तिला तिथं वाजवायचा हक्क नाही, हे कुठल्या डोक्यातून निघालं? आधीचे प्रमुख म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. त्यांच्या आधीचे म्हणाले, तुम्हाला मिळालं की मग शिपाईही मागेल. संधीसाहेब म्हणाले, "बाई, तुम्ही तर रोजच मंचावर असता! तुमच्याइतकी संधी कुणाला आहे?"

शेवटच्या वर्षी तिचा उजवा अंगठा दुखायला लागला. बरणीचं झाकण माझ्याकडे द्यायला लागली, तेव्हा मला कळलं. डॉक्टरांनी सांगितलं, सांधा झिजलाय, आहे तोवर जपून वापरा. घरी येताना ती अंगठा मुठीत धरून चालत होती. मला म्हणाली, "लांबड्यात या अंगठ्याला फार काम आहे हो." बस, एवढंच बोलली.

आणि निवृत्तीच्या दोन महिने आधी संधीसाहेबांनी तिला बोलावून सांगितलं, "बाई, तुमचा निरोप समारंभ मोठ्या सभागृहात करतोय. मोठा पियानो उघडणार. तुम्हाला वाजवायची संधी!"

ती घरी आली ती चप्पल न काढता आत. लेकीला फोन. बहिणीला फोन. मी कामावरून आलो तर दारातच, "अहो, मिळालं." मी तिला एवढी हसताना लेकीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. त्यानंतर घरात रोज लांबडं. सकाळी अंगठा गरम पाण्यात धरायचा, मग लांबडं. भाजी निवडताना टेबलावर बोटं नाचायची. खालच्या मजल्यावरचे छताला काठी आपटायचे, तर मी खाली जाऊन त्यांना समारंभाचं आमंत्रण देऊन आलो. साथीच्या रोगवाल्या आजोबांनाही दिलं. माझे लिफ्टवाले दोस्त इस्त्रीचे सदरे घालून येणार होते. हिनं निळे कपडे शिवून घेतले, बाह्या मुद्दाम आखूड, हाताला आडव्या येऊ नयेत म्हणून.

समारंभाच्या दिवशी सभागृह बरंच भरलं होतं. जुनी मुलं आली होती, आता पोटं सुटलेली, केस गेलेली. भाषणं सुरू झाली. संधीसाहेब बोलले, मग कुलगुरूंचे कुणीतरी बोलले, आणि कुणीच थांबेना. हिला फुलं दिली आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. नोकरी संपलेल्या माणसाला घड्याळ का देतात, हे मला आजवर उमगलेलं नाही. ही पहिल्या रांगेत मांडीवर उशी घेऊन बसली होती आणि उशीवर बोटं हलत होती.

मग संधीसाहेब पुन्हा माइककडे गेले आणि म्हणाले, "आता एक गोड धक्का! बाईंची लाडकी विद्यार्थिनी, आज जगभर गाजणारी आपली गायिका, खास बाईंसाठी दोन गाणी गाणार आहे. आणि साथीला," इथं ते थांबले, हात पसरला, "साथीला अर्थातच आपल्या बाई!"

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट. बाजूच्या दारातून चिमणी आली, चमकत्या कपड्यांत, डोळ्यांत पाणी. तिचा दोष नव्हता, तिला वाटलं बाईंना आनंद होईल. कार्यक्रमपत्रिकेत त्याच्यापुढं एकच ओळ होती: अल्पोपाहार. मग लगेच सभागृह रिकामं करायचं होतं, संध्याकाळी कुणाचं तरी शिबिर होतं.

बाईचा निरोप, आणि बाईलाच साथीला बसवलं! तिथल्या एकाही शहाण्याला यात काही चुकतंय असं वाटलं नाही. सगळे कौतुकानं मान हलवत होते. मी उठलो. काय करणार होतो मला माहीत नाही, पण माइकच्या दिशेनं निघालो होतो. लेकीनं मागून सदरा धरला. "बाबा, बसा. आईकडे बघा."

हिनं माझ्याकडे पाहिलं होतं. मग ती उठली, मंचावर चढली, बाकावर उशी ठेवली, दोनदा थापटली आणि बसली. मी मनात म्हटलं, झालं, करणार ही साथ. सांभाळून घेणार. तीस वर्षांची सवय, ती आजच जायची?

चिमणी पियानोच्या बाजूला उभी राहिली. तिनं हिच्याकडे पाहून मान हलवली, म्हणजे सुरू करा. गाण्याआधी पियानोचे चार सूर यायचे असतात.

आले ते लांबड्याचे सूर.

चिमणीनं श्वास घेतला आणि तोंड उघडलं. मग मिटलं. तिला वाटलं, बाई दुसरं गाणं समजल्या. तिनं पुन्हा तोंड उघडलं, आपली जागा शोधायला लागली. जागा नव्हतीच. बाईंनी तिच्यासाठी एवढी वर्षं जागा ठेवली होती, आज ठेवली नाही. थोड्या वेळानं पोरीच्या लक्षात आलं. तिनं माइक हळूच खाली केला, दोन पावलं मागं सरकली, आणखी सरकली आणि पडद्याजवळ अंधारात जाऊन उभी राहिली. त्या दिवशी त्या सभागृहात शहाणी तेवढी तीच.

संधीसाहेबांनी आधी हसून पाहिलं, मग घड्याळाकडे पाहिलं, तेच भेट दिलेलं. मग वर दिवेवाल्याच्या खोलीकडे बघून हातानं खूण केली, दिवे उतरवा. दिवेवाला त्याच्या यंत्रात डोकं घालून काहीतरी फार महत्त्वाचं शोधत राहिला. त्याला ती खूण शेवटपर्यंत दिसली नाही.

मला संगीतातलं कळत नाही. घरी ऐकलेलं लांबडं आणि हे लांबडं, यात काय फरक होता ते मला सांगता येणार नाही. एवढंच सांगतो की माझ्या शेजारी बसलेला माझा दोस्त, जो लिफ्टच्या खड्ड्यात शिव्यांशिवाय बोलत नाही, तो सदऱ्याच्या बाहीनं नाक पुसत होता. आणि मग शेवटाकडे, जिथं अंगठ्याला फार काम होतं, तिथं अंगठा चुकला. सगळ्यांना ऐकू आलं. पियानो थांबला. इतक्या पोरांना सांभाळून घेतलं, पण हिला सांभाळायला तिथं कुणी नव्हतं. तिनं अंगठा एकदा मुठीत धरला, सोडला, त्याच जागेवरून पुन्हा सुरुवात केली आणि शेवटपर्यंत वाजवलं. टाळ्या झाल्या तेव्हा ती उठली. पूर्ण उठली. पूर्ण वाकली.

इथं संपलं असतं तर मी हे लिहायला बसलोच नसतो. आठवड्यानं विद्यापीठाचं वार्तापत्र आलं. पहिल्याच पानावर फोटो. पियानोजवळ चिमणी उभी, तोंड उघडलेलं. तोच तो क्षण, जागा शोधत असतानाचा. पियानोवर दोन हात, मनगटापर्यंत. आणि खाली बातमी: 'सुप्रसिद्ध गायिकेच्या सुरेल गायनानं रसिक मंत्रमुग्ध. विभागाच्या भव्य सभागृहात विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या संधींचं हे फलित आहे, असे उद्गार विभागप्रमुखांनी काढले.' ज्या बाईनं एक अक्षर गायलं नाही, तिच्या गाण्यानं लोक मंत्रमुग्ध झाले होते!

चिमणीचाच फोन आला, बिचारी रडवेली. "काका, मी कळवलं हो त्यांना की मी गायलेच नाही. तर म्हणाले, हा तुमचा विनय."

मी वार्तापत्राची गुंडाळी करून निघालो. ही म्हणाली, "थांबा, मीही येते." मला वाटलं, मला आवरायला येतेय. नेहमीसारखं म्हणेल, जाऊ दे हो. तिनं चप्पल घातली आणि दाराशी ठेवलेली उशी उचलली.

संधीसाहेबांच्या खोलीत मी जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यांनी ऐकून घेतलं, पाणी मागवलं आणि हिच्याकडे वळून म्हणाले, "बाई, अहो, बातमी आधीच लिहून पाठवावी लागते. कार्यक्रम ठरला होता तसा लिहिला. आयत्या वेळी तो बदललात तुम्ही. तिथं होते त्या सगळ्यांना माहीत आहे ना कुणी वाजवलं ते? मग! जरा सांभाळून घ्या."

मी बायकोकडे पाहिलं. तिची मान लाल झाली होती. एवढ्या संसारात मी तिची मान लाल झालेली पाहिली नव्हती.

"नाही घेणार," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण बाहेरचा शिपाई आत डोकावला. "तुमची मुलं घाबरून चुकायची, म्हणून मी त्यांना सांभाळलं. तुम्ही घाबरून चुकत नाही. तुम्ही बघतच नाही. मी वाजवलं, असं छापा. छापून येईपर्यंत मी इथं बसणार."

"बाई, पुढचा अंक यायला तीन महिने आहेत!"

"मला आता काम नाही," ती म्हणाली. "तुम्हीच रिकामं केलंत."

त्यांच्या दाराबाहेरच्या व्हरांड्यात एक लाकडी बाक आहे. तिनं त्यावर उशी ठेवली, दोनदा थापटली आणि बसली.

तेव्हापासून ती रोज जाते. नोकरीत असताना जायची त्यापेक्षा वेळेवर. मी डबा देतो. दिवेवाला दुपारी चहा आणून देतो आणि शेजारी बसून पितो. संधीसाहेब मागच्या जिन्यानं येतात, मागच्या जिन्यानं जातात. एकदा त्यांनी तिला उठवायला पहारेकऱ्याला पाठवलं. पण त्या पहारेकऱ्याची पोर हिच्या साथीवर पास झालेली. तो आला, नमस्कार करून परत गेला.

सध्या प्रवेशाचे दिवस आहेत. पालक मुलांना घेऊन येतात आणि संधीसाहेब स्वतः त्यांना विभाग दाखवतात. काल ही चष्मा घरी विसरली म्हणून मी द्यायला गेलो होतो. एक बाई आपल्या मुलीला घेऊन उभ्या होत्या. मुलीच्या पाठीवर व्हायोलिनची पेटी. संधीसाहेब माहितीपत्रक उघडून भव्य सभागृह समजावत होते आणि ती मुलगी मुखपृष्ठावरचे दोन हात बघत होती. मग तिनं बाकाकडे पाहिलं. बोटांकडे पाहिलं असावं, कारण हिची बोटं उशीवर हलत होती.

"तुम्ही इथं शिकवता का?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग तुम्ही काय करता?"

संधीसाहेबांनी माहितीपत्रक मिटलं. मी चष्मा हातात धरून उभा राहिलो. तिचं उत्तर मला पाठ होतं, ऐकून ऐकून मी त्याला कंटाळलो होतो.

"मी पियानो वाजवते," ती म्हणाली.

"तो? हॉलमधला मोठा?"

"तोही वाजवलाय. मध्ये अंगठा चुकला, पण शेवटपर्यंत वाजवला." ती उठली आणि तिनं उशी काखेत मारली. "चला, तुम्हाला सराव खोल्या दाखवते. जिन्यानं उतरावं लागेल. लिफ्ट बंद आहे."